मोतीबिंदू आणि भावकीचा ग्रुप

आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर म्हणाले, आता लांबवू नका. आई राजगडाखाली पालीत एकटी राहते. ऑपरेशन करू का, असा तिनं रिवाजाप्रमाणे गावच्या देवीला कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं.

हे कळल्यावर मी भोरमध्ये बसून भावकीच्या ग्रुपवर लिहिलं, की फूल पडतं ते पाणी वाळल्यामुळं, देवीला मोतीबिंदूतलं काही कळत नाही. झालं! मोहोळ उठलं. माझा थोरला भाऊ पुण्यात राहतो. जत्रेला येतो तो गाडीच्या काचा वर करून, आणि नैवेद्याचा फोटो काढून पंगतीआधीच परत फिरतो. पण ग्रुपवर त्याच्याएवढा भाविक तालुक्यात सापडायचा नाही. "श्रद्धेला हात घालू नकोस," म्हणे. स्वतःच्या अपेंडिक्सच्या वेळी यानं कुठल्या देवीला विचारलं होतं? कामथडीच्या चुलतभावानं डॉक्टर कसे लुटतात त्याचा व्हिडिओ टाकला. त्यात बोलणारा माणूस शेवटी काढा विकत होता. भांडण ऐन रंगात असताना एका आत्यानं गुलाबाची फुलं घालून शुभ सकाळ धाडली.

मी तर कुणालाच सोडत नव्हते. एकेकाचा मुद्दा घ्यायचा, पुरावा जोडायचा आणि खोडायचा, हा माझा खाक्या. भाजी करपली तरी टाईप करणं थांबलं नाही. दादाला मी सरळ विचारलं, "तुझ्या पोराचा डोळा असता तर?" त्यानं वाचलं. संध्याकाळी देवीचा नवा फोटो टाकला आणि त्याखाली सगळ्यांनी हात जोडले. माझ्या प्रश्नाला कुत्रंही विचारेना. संतापानं मी फोन कपाटात टाकला, आणि लगेच बाहेर काढला.

आईचा डावा डोळाही अधूच, त्यामुळं तिला मोबाईलवरचं दिसत नव्हतं. शेजारच्या काकू तिला सगळं वाचून दाखवायच्या. तिनं आठवडाभर ऐकलं. मग एका सकाळी गुरवाला पुन्हा कौल लावायला सांगितला. प्रश्न मात्र बदलला: "पोरांचं एकमत व्हईपतुर थांबू का?"

डावं पडलं. म्हणजे थांबायचं नाही. काकूंना सोबत घेऊन तिनं दवाखाना गाठला. आम्हाला कळलं ते ती डोळ्याला पट्टी बांधून घरी आल्यावर. दादानं ग्रुपवर लिहिलं, देवीची कृपा. मी लिहिलं, डॉक्टरांची. पुन्हा जुंपली.

पट्टी निघाल्यावर मी पालीला गेले. आई काळा चष्मा लावून ओसरीवर बसली होती. "आन हिकडं, आता माजं मी वाचते," म्हणत तिनं फोन घेतला आणि भांडण पहिल्यापासून वाचायला लागली, ओठ हलवत, सावकाश. दादाचं वाचलं, काढेवाल्याचं पाहिलं. माझं सगळ्यांत लांब उत्तर आलं तेव्हा मी सरसावून बसले. ते मला अजून बिनतोड वाटत होतं. तिनं तेही शेवटपर्यंत वाचलं.

"लई लिवलंयस," ती म्हणाली. "पर 'आई, तुला किती दिसतंय?' असं कुनी इचारलंय ते कुठं हाय? मला काय घावलं न्हाई."

मी फोन हातात घेतला आणि शोधायचं नाटक करत बसले.