पान दोन

आमचे संपादक बिरूअण्णा समोर बसलेले असताना आमच्या जतच्या साप्ताहिकात किस्से कमी, त्यांचा ओरडाच जास्त असायचा. ते तडीपार झाले आणि किस्से आवरेनात.

आधी कारण सांगतो. पाण्याचे टँकर कागदावर येतात, गावात येत नाहीत, असं अण्णांनी छापलं. टँकर इथल्या पुढाऱ्याचे, म्हणजे साहेबांचे; तालुकाही साहेबांचाच. त्यांच्या तक्रारीवरून अण्णांना वर्षभर सांगली जिल्हा बंद झाला. ते सातारा जिल्ह्यात, मेढ्याला बहिणीकडे गेले. जाताना म्हणाले, "एकबी अंक चुकवू नका. चुकला की सायब जिंकला." तेव्हापासून पान दोनवर दर आठवड्याला चौकट असते: आमचे संपादक कुणामुळे तडीपार आहेत, नावासकट. पहिल्यांदा छापताना मी दाराला आतून कडी लावली होती, खोटं कशाला बोलू.

*

मेढ्याहून अण्णांची पहिली बातमी आली: 'इथे नळ उघडला की पाणी येते.' आम्ही छापली. जतमध्ये कुणाचा विश्वास बसला नाही.

*

दर सोमवारी अण्णांना तिथल्या पोलीस ठाण्यात हजेरी. त्याच बाकड्यावर बसून ते अग्रलेख लिहितात. एका सोमवारी हवालदारांचाच मला फोन: "आवं, अण्णा आज नुस्ती सही करून गेलं. अग्रलेख न्हाई लिवला. तब्येत बरी हाय न्हवं?"

ताप होता. गोळ्या हवालदारांनीच नेऊन दिल्या.

*

इकडे स्टॉलवाले घाबरले, अंक ठेवेनात. तेव्हा साहेबांच्याच टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, "द्या हिकडं गठ्ठं. सायबांची गाडी कोन आडवतंय?"

आता टँकर जातो तिथं अंक जातो. ज्या गावातून 'अंक आला न्हाई' असा फोन येतो, तिथं टँकरही गेलेला नसतो. बातमी आयतीच मिळते, पान दोनवर लावतो.

*

आणि हा गेल्या महिन्यातला. साहेबांच्या आईला, आक्कांना, वाचता येत नाही. दर रविवारी साहेब स्वतः शेजारी बसून त्यांना आमचा अंक वाचून दाखवतात. आईच्या शब्दाबाहेर नाहीत, एवढं मानलं पाहिजे. तर आक्कांनी थेट मेढ्याला फोन लावला. "बाबा, पान दोनची अक्षरं लय बारीक हायती म्हनतोय ल्योक. त्येला दिसत न्हाईत. मोठी छाप की."

पुढच्या अंकात आम्ही पान दोन दुप्पट मोठ्या अक्षरांत छापलं.

रविवारी पुन्हा फोन. "आता दिसतंय त्येला. पर घसा बसलाय म्हनतोय. तूच ये आन् वाचून दाखव."

"आक्का, मला जिल्ह्यात यायला बंदी हाय."

"कुनी घातली रं?"

अण्णा म्हणाले, "पान दोनवर हाय, आक्का. घसा सुटला की वाचून घ्या."