कॅच कॅन कुणी बदलला?

मंजुषा तापट होती, हे हर्सूलच्या त्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताखाली ती इंजिन उघडायला शिकली, मग आयटीआय केलं आणि लग्नानंतर नवऱ्यासोबत, सुदर्शनसोबत गॅरेज टाकलं. टायर-पंक्चर त्याच्याकडं, इंजिन तिच्याकडं. तरी प्रत्येक नवं गिऱ्हाईक तिला ओलांडून सुदर्शनला विचारायचं, "मिस्त्री कुठंय?" पंधरा वर्षं झाली, तिचं डोकं अजून तसंच भडकायचं.

उस्मानपुऱ्यातल्या श्रीरंगनंही तेच विचारलं होतं. चांगली नोकरी, नवी टर्बो गाडी. मंजुषानं टर्बोकडची, म्हणजे इंजिनात दाबानं हवा भरणाऱ्या पंख्याकडची, नळी काढून आत बोट फिरवलं, ते तेलानं माखलं.

"इंजिनाच्या वाफेबरोबर तेल वर चढतंय, साहेब. मधी कॅच कॅन बसवू. म्हणजे एक डबा. तेल डब्यात राहील, हवा पुढं जाईल."

तेलानं न फुगणारी जाड नळी, तापणाऱ्या भागापासून लांब घेतलेला डबा, क्लिपा घट्ट. दिवस गेला त्यात. डबा वेळच्या वेळी रिकामा करा, एवढं तिनं दोनदा बजावलं.

चार महिन्यांनी सुदर्शननं तिच्यापुढं मोबाइल धरला. फर्दापूरच्या रस्त्यावर धूर सोडणाऱ्या गाडीशेजारी श्रीरंग बोलत होता, "हर्सूलला एका बाईकडून कॅच कॅन बसवला. लेकरांसकट मरता मरता वाचलो. बायकांच्या हातात इंजिन देऊ नका." व्हिडिओ हजारो लोकांनी बघितला होता.

"जाऊ दे," सुदर्शन म्हणाला. "बोललं तर अजून वाढंल."

"तुझं नाव घेतलं असतं तर दिलं असतं का जाऊ?"

तिनं तिथूनच श्रीरंगला फोन लावला. "गाडी इथं आणा. तुमच्यासमोर उघडते. चूक माझी निघाली तर शटर कायमचं ओढते."

दुसऱ्या दिवशी क्रेनला बांधलेली गाडी आली. श्रीरंग छाती काढून उभा. मंजुषानं बॉनेट उचललं आणि तिच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. तिनं बसवलेला काळा डबा गायब होता. त्या जागी लालभडक, चकचकीत डबा.

"हा कुणी बसवला?"

"दिसायला बरा वाटला... एका दुकानात बदलून घेतला. मागच्या महिन्यात."

"आणि व्हिडिओत हे सांगायचं राहिलं व्हय?"

तिनं नळी उपटून त्याच्या हातात कोंबली. बागेत पाणी घालायची नळी होती ती, टर्बोच्या उष्णतेनं वितळून आतून चिकटलेली. "फुंका. जाती का हवा? वाफेला वाटच नाय राहिली. दाबानं इंजिनाचं सील फुटलं, तेल तापलेल्या टर्बोवर सांडलं. गाडी पेटली असती! लेकरं होती आत!"

श्रीरंगचा चेहरा उतरला. "ताई, गैरसमज झाला. व्हिडिओ काढून टाकतो. विषय संपवू."

"नुसता काढून चालणार नाय. इथं उभं राहून दुसरा करा."

पहिल्यांदा तो "काही तांत्रिक कारणामुळं" म्हणाला. तिनं मोबाइलवर हात ठेवला. "तांत्रिक नाय. डबा मी बदलला म्हणा. बाईचं काम बरोबर होतं म्हणा." तिसऱ्या खेपेला तो सगळं बोलला, मान खाली घालून.

मग हळूच म्हणाला, "गाडी तुम्हीच कराल ना?"

"नाय."

क्रेन आली तशी गाडी घेऊन गेली. हातचं काम घालवलं म्हणून सुदर्शन दिवसभर धुसफुसत होता. दुसरा व्हिडिओ दीड-दोनशे लोकांनी बघितला असेल. नेहमीची दोन गिऱ्हाइकं पहिला बघून तुटली, ती परत आली नाहीत. ती दिसली की मंजुषा मान फिरवते.

महिन्याभरानं सुदर्शननं चाचपून विचारलं, "गेला का राग?"

ती एका जुन्या जीपच्या इंजिनात कमरेपर्यंत वाकलेली होती.

"नाय," आतून आवाज आला. "दहाचा पाना दे."