माळवदावर वाळलेला कोळसा

सुदाम गेल्याचं मला देवळाच्या भोंग्यावरून कळलं. सकाळची वेळ, मी शेरडांना पाला तोडत होतो आणि भोंग्यात पुजारी खाकरला. तो खाकरला की गावात सगळ्यांचे हात थांबतात. "दूध सोसायटीचे माजी सेक्रेटरी सुदामराव..." एवढं ऐकलं आणि विळा खाली ठेवला. चाळीस वर्षांची सोबत, आणि मला गावाबरोबर कळलं. माझ्या दारात एक माणूस पाठवायला काय झालं होतं, हे पहिल्यांदा मनात आलं. रडू नंतर आलं. खरं तसंच लिहितो.

पेपरच्या पुरवणीत लोक गेलेल्या माणसावर चांगलं लिहितात. दहाव्याच्या दिवशी लिहायला बसलो असतो तर मीही चांगलंच लिहिलं असतं. आता दोन महिने होत आलेत, आणि मधल्या काळात जे कळलं ते वगळून मला लिहिता येत नाही.

मी चौथीत शाळा सोडली, सुदाम मॅट्रिक झाला. आष्टी तालुक्यातल्या आमच्या कोरड्या गावात दूध सोसायटी उभी राहिली तेव्हा मी चेअरमन झालो आणि तो सेक्रेटरी. मी बोलायचो, तो लिहायचा. माझी सहीसुद्धा त्यानंच वळणदार करून दिली. पाटीवर खडूनं काढून दाखवायचा आणि म्हणायचा, "तात्या, शेपूट जरा लांब ओढ. चेअरमनची सही हाय, उंदराची न्हाई." सभेत मी उभा राहिलो की शेजारी त्याचं पेन चालू असायचं, आणि ते चालू आहे तोवर मला जोर असायचा.

माशांची पेटी आमच्याकडं आली ती बँकेच्या साहेबामुळं. साहेब आमच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. बदली झाली तेव्हा पेटी नेता येईना. नारिंगी मासे, पाणी फिरवायची मोटार, सगळं आमच्या पदरात टाकून गेले. ते वर्ष दुष्काळाचं. विहिरी कोरड्या, गाव टँकरवर, आणि टँकरच्या पाण्यात औषधाची पावडर इतकी की तोंडाजवळ तांब्या नेला तरी नाकाला झोंबायची. तेच पाणी मी पेटीत ओतलं. दुपारपर्यंत पाच मासे उताणे. पाणी कोळशानं साफ होतं असं साहेब सांगून गेले होते, म्हणून मी चुलीतला बाभळीचा कोळसा फडक्यात बांधून पेटीत सोडला. पाणी शाईसारखं झालं. सुदाम आला, बघून हसायला लागला.

"तात्या, ह्यात काय कणसं भाजायचीत का? माशाचा कोळसा येगळा असतो बे."

"कोळसा तो कोळसा. चांगला गाभ्याचा हाय."

"गाभ्याचा असंल. पन त्या कोळशाला लई बारीक भोकं असत्यात, डोळ्याला दिसत न्हाईत. घान त्या भोकांत जाऊन बसती. भोकं भरली की त्येचं काम संपलं."

सोसायटीच्या कामाला तो महिन्यातून एकदा नगरला जायचा, तिथून एक पुडा घेऊन आला. जाड्या मिठासारखे काळे दाणे. जुन्या ओढणीची पिशवी शिवली, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत दाणे धुतले, आणि पिशवी मोटारीच्या डब्यात बसवली. दुसऱ्या दिवशी वास गेला. चौथ्या दिवशी पाणी असं झालं की मासे हवेत लटकल्यासारखे दिसायचे. मी खुर्ची ओढून तास दीड तास नुसता बघत बसलो. उरलेले मासे जगले.

महिन्यानं सुदाम म्हणाला, आता हा कोळसा टाकून दे, नवा आणतो. मी म्हणलं, टाकून कशाला द्यायचा? त्या वर्षी आमच्या घरात तांदळाचं धुवण म्हशीला जात होतं आणि आंघोळीचं पाणी दोनदा वापरलं जात होतं. चांगले खणखणीत दाणे फेकून द्यायचे हे मला पटेना. गोधडी धुऊन उन्हात टाकली की वास जातो, मग कोळशाचा का जाणार नाही? भोकं भरली असतील तर धुऊन रिकामी करू.

"तसं न्हाई होत तात्या. उन्हानं काय होतंय? त्याला भट्टीवानी आच लागती. आन भरलेला कोळसा दिसायला नव्यासारखाच दिसतो, तिथंच मानूस फसतो."

"बघू," मी म्हणलं. माझ्या 'बघू'चा अर्थ त्याला ठाऊक होता.

मी कोळसा धुतला, आमच्या माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पोत्यावर पसरला, दोन दिवस चैताच्या उन्हात ठेवला. काढायला शिडीवर चढणार तर सुदाम आला. म्हणाला, "थांब, तुझे गुडघे. म्या आनतो." खांद्याला नेहमीची कापडी पिशवी. वर गेला, कोळसा घेऊन खाली आला. पेटीत घातला आणि पाणी पुन्हा लख्ख. मी म्हणलं, "बघ! बघ आता!" तो काचेकडं बघत राहिला आणि म्हणाला, "व्हय की."

त्यानंतर दर महिन्याला हेच. मी धुणार, मी वाळत घालणार, आणि नगरहून आला की तो माळवदावर चढणार. दाणे झिजत कसे नाहीत हे एकदा माझ्या मनात आलं होतं. माल चांगला आहे म्हणून सोडून दिलं.

मी कुणाचं ऐकतच नव्हतो असं कुणी म्हणू नये. एकदा माशांच्या अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके आले. सुदामनं औषध आणलं आणि म्हणाला, आधी डब्यातला कोळसा काढ, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो आणि माशापर्यंत काही जात नाही. मी मुकाट काढला. मासे बरे झाले. सांगितलेलं मला पटत होतं. हे ध्यानात ठेवा.

पुढच्या दुष्काळात सोसायटीनं दूध डेअरीच्या शेडमध्ये पिण्याच्या पाण्याचा प्लँट बसवला. टँकरचं पाणी त्यातून गाळून सभासदांना जार भरून द्यायचो. त्यातही एका उंच टाकीत हाच कोळसा. काही महिन्यांनी मिस्त्री म्हणाला, कोळसा बदला. मी नाही म्हणलं. गोष्ट सभेत गेली. मी उभा राहिलो.

"मिस्त्री बदला म्हननारच, त्याला इकायचाय. माझ्या घरी या. दीड वरीस झालं, एकच कोळसा हाय. धुतो, वाळवतो, घालतो. आधी पानी बघा आन मग बोला." आणि मी सुदामकडं वळलो. "सेक्रेटरी, तुमी सांगा. माळवदावरनं तुमच्याच हातानं काढता का न्हाई?"

त्याचं पेन थांबलं. ते थांबलेलं मला आजही दिसतं. तेव्हा वाटलं, उत्तर द्यायचं म्हणून थांबलं.

"काढतो की," तो म्हणाला.

सभेनं टाळ्या वाजवल्या. ठराव झाला, सुदामनंच वळणदार अक्षरात लिहिला, आणि मी लांब शेपटीची सही केली. टाकीतला सगळा कोळसा काढून ताडपत्रीवर वाळवला आणि परत भरला. आठ दिवसांत पाण्याला वास यायला लागला. मी म्हणलं, थोडं चालू द्या. मग एका सकाळी गंगूबाई, आमच्या सोसायटीची जुनी सभासद, डोक्यावर जार घेऊन माझ्या दारात आली. मागं दहाबारा बाया.

"तात्या, घ्या. ह्या पान्याचा च्या तुमीच प्या. आन तुमच्या माशांलाबी पाजा जरा."

सगळ्या हसल्या आणि जार दारात ओतले. पुढच्या निवडणुकीत मी पडलो. नव्या चेअरमननं कोळसा बदलला, पाणी सुधारलं. माझं नाव 'कोळसा चेअरमन' पडलं ते पडलंच. सुदाम सेक्रेटरी राहिला. मी मात्र हटलो नाही. प्लँटवाल्यानं मालच भेसळीचा दिला होता, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो. कुणी खोटं म्हणलं तर हाताला धरून घरी आणायचो आणि पेटी दाखवायचो. अशा वेळी सुदाम बाजेवर असला तर खाली बघत राहायचा. मला वाटायचं, माझा अपमान त्याला बघवत नाही.

शेवटचा आला तेव्हा त्याला धाप लागत होती. मी म्हणलं, राहू दे, आज कोळसा राहू दे. तरी चढला. उतरल्यावर शिडीच्या खालच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. "तात्या..." म्हणाला. मी म्हणलं, बोल की. म्हणाला, "न्हाई... काय न्हाई. पानी चांगलं हाय." पाणी प्याला आणि गेला.

तेराव्यानंतर मी कौसल्यावहिनींना भेटायला गेलो. सुदामची बायको, कमी बोलणारी बाई. आतून एक पुडा घेऊन आल्या आणि माझ्यापुढं ठेवला.

"भाऊजी, ह्यो तुमचा कोळसा. ह्या खेपेला दोन महिन्याचा संगंच आनला व्हता ह्यांनी. न्यायचा ऱ्हायला."

"माझा कसला कोळसा?"

"आसं काय करता? दर म्हैन्याला तुमच्याकडंच न्यायचे की. आन तुमचा जुना आनून तितं टाकायचे."

त्यांनी परसात बोट दाखवलं. जास्वंदीच्या बुडाला जमीन काळी होती. जवळ गेलो. माती नव्हती ती, दाणे होते. माझे धुतलेले, वाळवलेले दाणे, किती वर्षांचे कोण जाणे. वहिनींनी माझं तोंड बघितलं असावं.

"तुमाला ठावं न्हवतं?"

"ठावं व्हतं," मी म्हणलं, आणि पुडा न घेता निघालो.

घरी येऊन मी पेटीपुढं बसलो आणि मेलेल्या माणसाला शिव्या दिल्या. पहिल्या महिन्यात त्यानं कोळसा बदलला, मासे वाचावेत म्हणून, माझं मन राहावं म्हणून, हे मी मान्य करतो. पण सभेत? मी सगळ्या गावापुढं त्याला विचारलं, आणि त्यानं असं उत्तर दिलं की खोटंही नाही आणि खरंही नाही. काढतो की! चेअरमनकी गेली त्याचं मला काही नाही. पण शिडीखाली, दोघंच असताना, "तात्या, तू चुकतोयस, मी बदलतोय" एवढं बोलला असता तर मी सभेत उभाच राहिलो नसतो. आणि मी पडल्यावरही तो बदलतच राहिला. माझी पेटी स्वच्छ ठेवत राहिला, आणि मी त्या पेटीवर हात ठेवून लोकांपुढं शपथा घेत राहिलो. तो मला मित्र धरत होता की जपायचं लेकरू? हे विचारायला आता माणूस नाही...

तरी मी हटलो नाही. मनात म्हणलं, वहिनीला काय कळतं. डब्यातला कोळसा काढला, धुतला, आणि या वेळेला माळवदावर मीच चढलो, एकेका पायरीवर थांबत. दोन दिवस वाळवला, मीच उतरवला, मीच घातला. बाराव्या दिवशी पेटीमागं पांढरा कागद धरला. पाणी गवती चहासारखं पिवळं होतं. झाकण उघडलं तर वास. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मी चुकलो होतो, पहिल्यापासून. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि ज्यानं हे मला सांगायला हवं होतं तोही नव्हता.

वहिनींकडं परत गेलो. "वहिनी, तो पुडा द्या. आन त्या दिवशी म्या खोटं बोललो. मला ठावं न्हवतं."

त्यांनी पुडा दिला. म्हणाल्या, "ह्यांना तुमचं लई भ्याव व्हतं, भाऊजी."

"माझं? म्या कधी हात उगारला का त्येच्यावर?"

"तसलं न्हाई. तुमी एकदा बोलायचं सोडलं की सोडता. आमच्या धाकट्या दिराशी ईस वर्सं बोलला न्हाईत. ह्यांना ते दिसत व्हतं."

वीस वर्षांचं ते खरं आहे. राग मात्र आहे. तो गेला म्हणून राग गेला असं लिहिलं तर तेही 'काढतो की' सारखंच होईल.

पुडा घेऊन आलो तो बाजारचा दिवस होता. आत न जाता मी ओट्यावर बसलो, रस्त्याकडं तोंड करून, आणि बादलीत नवा कोळसा धुवायला घेतला. येणारेजाणारे बघत होते. गंगूबाई पिशवी घेऊन चालली होती, थांबली. आता तीही थकली आहे, पण जिभेला धार तीच.

"काय तात्या, वाळवायला टाकायचा का माळवदावर?"

"न्हाई," मी म्हणलं. "नवा हाय. जुना टाकून दिला."

"आँ? मग त्या वक्ताला सभेत..."

"त्या वक्ताला म्या चुकलो व्हतो."

ती हसेल म्हणून मी तयार होतो. हसली नाही. "बरं" म्हणाली आणि बाजाराला गेली. कोळशातून अजून काळं पाणी येत होतं. मी ती बादली ओतली आणि दुसरी भरून घेतली.