पाण्यातली झडती

आमचं रान धरणाच्या पलीकडं आहे. धरण होण्याआधी ते गावाला लागूनच होतं, असं सासरे सांगतात. पाणी चढत गेलं तसं गाव अलीकडच्या माळावर येऊन बसलं आणि रान तिकडंच राहिलं. रस्त्यानं जायचं तर अख्ख्या फुगवट्याला वळसा घालून, जीप बदलून जावं लागतं, आणि पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. म्हणून सासऱ्यांनी केजच्या एका वेल्डरकडून पत्र्याची होडी करून घेतली. लग्न होऊन आले तेव्हा मी तिची कड दोन्ही हातांनी धरून बसायचे. आता वल्हं मीच मारते.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. सासू गेल्यापासून रानात आम्ही दोघंच जातो. नवरा अंबाजोगाईला एका दवाखान्याची गाडी चालवतो, सुट्टीला तेवढा घरी येतो. मामा अबोल माणूस. पाऊस, रानडुकरं आणि शाळू, एवढ्यावरच आमचं बोलणं. पण इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर एकदाही आवाज चढवलेला नाही, आणि मी बाहेर बसले असताना घरात कसं वावरायचं, हे त्यांना कुणी न सांगता कळतं. सकाळी नुसतं म्हणतात, "आज ऱ्हाऊ दे, मी जाऊन येतो."

त्या दिवशीही तसंच म्हणाले होते. पण शाळूची पेरणी होती. रानातली ओल उडत चालली होती, पलीकडच्या शेजाऱ्याचा ट्रॅक्टर कसाबसा मिळाला होता. मी म्हटलं, "न्हाई मामा, येते मी."

होडीत बियाण्याचं पोतं होतं. घरचं बी, मामांनी कडुलिंबाचा पाला घालून कोठीत जपून ठेवलेलं. खताच्या दोन गोण्या, पाण्याची कळशी, आणि माझी कापडी पिशवी. पिशवीत भाकरी, बदलायला एक लुगडं आणि पाळीचे पॅड, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. रानात आडोसा म्हणजे एक बाभळ, त्यामुळं सगळं सोबत न्यावं लागतं.

आम्ही पाण्याच्या मध्यावर असताना मोटारबोटीचा आवाज आला. वाळूवाल्यांवर कारवाई सुरू आहे, पथक फिरतंय, हे गावात कानावर आलं होतं. मला बरंच वाटलं होतं. नदी जिथं फुगवट्याला मिळते तिथं वाळू उपसायच्या बोटी दिवसाढवळ्या चालायच्या. त्यांची इंजिनं आमच्या रानात ऐकू यायची. त्या कुणाच्या, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला वाटलं, पथक तिकडंच निघालंय.

मोटारबोट आमच्याकडं वळली.

त्यात चौघं होते, नारिंगी जाकिटं घातलेले. एक फौजदार, दोन शिपाई आणि बोट चालवणारा. बाई एकही नव्हती.

"ए म्हाताऱ्या, थांबव," फौजदार म्हणाला. वल्हं माझ्या हातात होतं, तरी तो मामांशीच बोलला.

मामांनी टोपी काढली आणि हात जोडले. ते बघून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस, स्वतःच्या होडीत, स्वतःच्या रानाला निघालेला, आणि हात जोडतोय.

"काय हाय पोत्यात?"

"बी हाय साहेब. शाळूचं. पेरणी हाय आज."

फौजदार विचारत न बसता आमच्या होडीत उतरला. पत्र्याची हलकी होडी ती. एकदम कलली, पाणी आत आलं, मामा एका अंगावर पडले. त्याच्या मागून एक शिपाई उतरला, हातात सळई. त्यानं ती पोत्यात खुपसली आणि ओढली. पोतं उभं फाटलं. शाळूचे दाणे भसाभस तळातल्या पाण्यात पडले. वाळू आणि ज्वारी यांतला फरक डोळ्यांना दिसतो. तरी त्यानं खताच्या दोन्ही गोण्याही फोडल्या.

मी म्हटलं, "साहेब, काय बघताय ते सांगा तरी. मी सोडून दाखवते एकेक."

"तू गप बस. आम्हाला तपासायचा अधिकार हाय."

"हाय तर तपासा की. फाडताय कशाला?"

तेव्हा त्याचं लक्ष पिशवीकडं गेलं. मी ती पाठीमागं सरकवली होती. कोणतीही बाई सरकवेल.

"ती इकडं दे."

"ती माझी हाय. त्यात माझे कपडे हायत."

"लपवती का बे ही," तो शिपायाला म्हणाला. शिपायानं माझ्या हातातून पिशवी हिसकली आणि होडीत पालथी केली. भाकरी पाण्यात पडली. लुगडं पडलं. वर्तमानपत्राची पुडी सुटली आणि पॅड त्या घाण पाण्यात, ज्वारीत, मामांच्या पायापाशी पसरले. सकाळी घाईत बदललेला एक तसाच गुंडाळून ठेवला होता, पलीकडं जाऊन पुरायला. तोही.

मोटारबोटीतला दुसरा शिपाई हसला. फार नाही, नाकातल्या नाकात.

मामांनी तोंड फिरवलं आणि पाण्याकडं बघत राहिले. मी खाली बसून एकेक गोळा करत होते आणि चौघं पुरुष ते बघत होते. मला रडू आलं नाही. बाजूला पडलेलं वल्हं उचलून त्या हसणाऱ्याच्या तोंडावर घालावं, एवढंच मनात होतं. घातलं नाही, कारण मामा होडीत होते आणि होडी उलटली असती.

होडीत काहीच मिळालं नाही. मग परवाना कुठाय, असं निघालं. आमच्या काठावर कुणाच्याच होडीला परवाना नाही आणि आजवर कुणी मागितलाही नव्हता. त्यांनी आमची होडी दोरानं मोटारबोटीला बांधली, आम्हाला अलीकडच्या काठावर उतरवलं आणि ओढत घेऊन गेले. वरच्या अंगाला वाळूवाल्यांची इंजिनं चालूच होती. मी ऐकत उभी होते. मोटारबोट तिकडं गेलीच नाही.

रात्री नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना, पोलिसांच्या नादी कावून लागायचं? होडी देतेल चार दिवसांनी." त्याच्यावरही मी तितकीच चिडले. होडीचं काय ते बघता आलं असतं. पिशवीचं काय करायचं, हे त्यानं विचारलंच नाही, आणि मी फोन ठेवून दिला.

सकाळी मी ठाण्यात निघाले तर मामा धोतर नेसून ओट्यावर बसलेले. "मी येतो संगं," एवढंच म्हणाले.

ठाण्यात आम्हाला बाकावर बसवलं ते दुपारपर्यंत. एक हवालदार बाई होती, माझ्याच वयाची. पाणी प्यायला गेले तेव्हा तिनं हळूच विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तिचा चेहरा बदलला. ती म्हणाली, "बाईची झडती बाईनंच घ्यायची असती ताई. आणि होडी नेली तर पंचांपुढं पंचनामा पायजे. केला का?"

"न्हाई."

"मग तेच विचार. पण मी सांगितलं म्हणू नको." एवढं बोलून ती इकडंतिकडं बघत निघून गेली. तिचाही राग आला मला. आणि तिला काय भोगावं लागत असेल, तेही कळलं.

फौजदार जेवून आला. मला बघून म्हणाला, "परवाना आणला का?"

बाकावर अजून सात-आठ माणसं बसली होती. मी उभी राहिले. आवाज एवढा मोठा निघेल, हे मलाही ठाऊक नव्हतं.

"परवाना लागत असंल तर काढू आमी. पण ह्यांनी माझे पाळीचे पॅड सासऱ्यापुढं वतले. त्यात किती वाळू निघाली, तेवढं सांगा. पंचनाम्यात लिवलं असंल तर दाखवा."

फौजदार म्हणाला, "ए बाई, तोंड सांभाळ. खोटे आळ घेऊ नको."

मागून मामा बोलले. आयुष्यात पहिल्यांदा ते चार माणसांत असं काही बोलले असतील. मान खाली होती, पण आवाज स्वच्छ होता. "सून खरं बोलती साहेब. मी व्हतो तिथं. म्या बघितलं."

ते बोलणं त्यांना किती जड गेलं असेल, हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. सासऱ्यानं सुनेच्या पाळीची साक्ष ठाण्यात उभं राहून द्यायची. ही वेळ त्या फौजदारानं त्यांच्यावर आणली, आणि यासाठी मी त्याला कधीच माफ करणार नाही.

आतल्या खोलीतून मोठे साहेब बाहेर आले. सगळं ऐकलं असावं. फौजदाराकडं न बघता म्हणाले, "ह्यांची होडी देऊन टाका." चुकलं असं कुणी म्हणालं नाही. मी अर्ज दिला, त्याचं पुढं काही झालं नाही. तो फौजदार वर्षभरानं बदलून गेला, तेही बढतीवर, असं ऐकलं.

होडी खडकावरून ओढल्यानं तिचा तळ फाटला होता. पत्रा जोडून घेईस्तोवर आणि दुसरं बी मिळेस्तोवर ओल गेली. त्या साली आमच्या रानात शाळू उगवला तो विरळ, इथं एक तिथं एक.

पुढच्या हंगामात पुन्हा एक पथक आलं, वेगळं. त्यात एक शिपाई बाई होती. त्यांनी बोट लांब थांबवली, मग हळूच आमच्या होडीला लावली. ती म्हणाली, "ताई, वाळूची तपासणी हाय. यिऊ का आत?" मी हो म्हटलं. ती जपून उतरली, पोत्याचं तोंड मला सोडायला सांगितलं, मूठभर बी हातात घेऊन बघितलं आणि परत आत टाकलं. पिशवीत तिनं एकटीनं डोकावलं, पाठ बाकीच्यांकडं करून. "जावा," म्हणाली. भाकरी भाजायला तव्यावर टाकावी आणि उलटावी, तेवढ्यात सगळं उरकलं.

होडी पलीकडच्या काठाला लागल्यावर मामा म्हणाले, "बरी व्हती पोरगी."

मी हो म्हटलं, आणि होडी बाभळीला बांधताना दोराची गाठ करकचून आवळली. मला वाटलं होतं, असं नीट वागणारं कुणी भेटलं की राग निवेल. तो उलट वाढला. इतकं सोपं होतं ते.