उत्तमच्या टेबलासमोरची खुर्ची

वारंगा फाट्यावर चहा पीत होतो, तेव्हा उत्तम गेल्याचा फोन आला. झोपेतच गेला म्हणे... हातातला चहा तसाच राहिला. पण खरं सांगतो, रडू यायच्या आधी मनात आलं ते हेच, की याच्या मयतीला सगळा जिल्हा लोटणार. लोटलाच. माझ्या मयतीला एवढी माणसं येणार नाहीत, याचा मला अजून राग आहे.

कायदा आम्ही एकत्र शिकलो. मी वकिली धरली, तो हिंगोलीला कोर्टात नोकरीला लागला आणि चढत चढत प्रबंधक झाला. नवा दावा त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय दाखल व्हायचा नाही. त्याच्या टेबलासमोर एकच खुर्ची होती आणि तिच्यावर फक्त पक्षकार बसायचा. वकील उभा! जुना मित्र असला तरी उभा. मी मेहनतीनं लिहिलेला दावा बाजूला सारून तो पक्षकारालाच विचारायचा, "तुमी सांगा, काय झालं?"

साखऱ्याजवळच्या तांड्यावरच्या झुमकाबाईंच्या शेताची वाट शेजाऱ्यानं अडवली होती. त्यांनाही उत्तमनं असंच बसवलं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "इहिरीलाबी त्याच वाटनं जावं लागतंय, साहेब." विहीर मी दाव्यात लिहिलीच नव्हती. उत्तमनं कागद माझ्या हातात दिले आणि गालात हसला. पुढच्या खेपेला बाई सीताफळं घेऊन आल्या, त्याच्यासाठी. पक्षकाराचं काही घ्यायचं नाही हा त्याचा नेम. म्हणाला, "वकिलाला द्या." त्यानं नाकारलेली फळं मी घरी नेली. गोड निघाली, त्याचाही राग आला.

शेवटच्या भेटीत मी बोलूनच दाखवलं. "आरं, इतकी वर्षं झाली, एकदा तरी मला बस म्हण की!"

"सोताचा दावा घेऊन ये, मंग बस," तो म्हणाला. "दुसऱ्याचा घेऊन येऊन राहिला, तं उभाच ऱ्हा."

मागच्या आठवड्यात झुमकाबाईंचाच एक अर्ज घेऊन त्या खोलीत गेलो. नवे साहेब अदबीनं म्हणाले, "बसा ना, वकीलसाहेब." बसलो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पाठ टेकली, पायावर पाय टाकला... तेवढ्यात मागून झुमकाबाई हळूच म्हणाल्या, "त्ये साहेब असते तं मला बसवलं असतं."

मी उठलो. "बसा, मावशी." त्या बसल्या. साहेबांनी गोंधळून मलाच विचारलं, "प्रकरण काय आहे?"

"त्यांनाच विचारा," मी म्हणालो, आणि खुर्चीमागे उभा राहिलो. उभ्या जन्मात एकदा ती खुर्ची मिळाली होती, तीही त्यानं लाभू दिली नाही.