फुटलेल्या पाणबुडीतला कॅमेरा

“काकू, तांदळात ठेवू का दोन दिवस? फोन भिजला की आम्ही तसंच करतो.”

सायली हातात प्लास्टिकचा डबा धरून विचारत होती. डब्यात समुद्राच्या तळावरून आलेला कॅमेरा होता.

“तांदळाची खिचडी कर,” मी म्हटलं. “आणि तो लॅपटॉप आधी लांब ठेव. याला आत्ता कुठेही जोडायचं नाही.”

तारा, ईशान, तुम्ही फोनवर सारखं विचारता की रिटायर झाल्यावरही आजी दिल्लीतल्या द्वारकेहून कॅब करून गुरुग्रामला कशाला जाते. तर आजी बिघडलेल्या वस्तू उघडून त्या का बिघडल्या ते शोधते. सरकारी लॅबमध्ये मी जन्मभर तेच केलं. याला फेल्युअर ॲनालिसिस म्हणतात. डॉक्टर पोस्टमॉर्टेम करतात तसंच, फक्त माझ्या पेशंटचे नातेवाईक जास्त भांडतात.

या खेपेचा पेशंट होता एक छोटी पाणबुडी. आत माणूस बसत नाही, त्यामुळे घाबरू नका. खोल समुद्रात जाऊन तळाचे फोटो काढायचे, एवढंच तिचं काम. पहिल्याच समुद्रातल्या ट्रायलला ती खाली गेली आणि गप्प झाली. जहाजावरच्या लोकांना शोधून शोधून फक्त शेपटीकडचा भाग मिळाला, आतल्या कॅमेरा आणि सर्किटसकट. बाकीच्याचा चुरा झाला होता.

ती बनवणाऱ्या गुरुग्रामच्या कंपनीचे मालक खुराना. उत्साही माणूस, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण घाई फार. त्यांचं निदान तयार होतं.

“मॅडमजी, सिंपल केस है। वजन छोड़ने वाला सर्किट फेल हुआ. पनडुब्बी लिमिट के नीचे चली गई और फट गई। आप बस साइन कर दीजिए, क्लायंट परसों आ रहा है।”

पाणबुडी बुडावी म्हणून तिला वजनं लावतात. ठरलेल्या खोलीवर एक सर्किट ती वजनं सोडून देतं आणि पाणबुडी वर येते. ते सर्किट सायलीचं होतं. सायली पुण्याची, तिची ही पहिलीच नोकरी. साइन झाली असती तर नोकरी गेली असती, आणि क्लायंटसमोर नाव खराब झालं असतं ते वेगळंच. हे तिला माहीत होतं. म्हणून ती सकाळपासून माझ्यासाठी चहा आणत होती आणि स्वतः एक घोटही घेत नव्हती.

“बघितल्याशिवाय मी सही करत नाही,” मी खुरानांना हिंदीत सांगितलं. “लाइट बिलावरसुद्धा नाही.”

आधी सगळ्याचे फोटो काढले. हात नंतर लावायचा, हा माझा नियम. मग आम्ही कामाला लागलो.

आता एक प्रश्न. जाड पाणबुडीचा चुरा झाला, मग आतली नाजूक इलेक्ट्रॉनिक्स कशी वाचली? टम्म फुगलेली पुरी आणि बेसनाचा लाडू मुठीत धरून दाबून बघा. पुरी चपटी होते, कारण आत हवा असते. लाडवाला फारसं काही होत नाही, कारण तो आतून भरीव असतो. पाणी चहूबाजूंनी दाबतं तेव्हा पोकळ वस्तू फुटते, भरीव वस्तू टिकते. सायलीने आपलं सर्किट रेझिनमध्ये, म्हणजे वाळून दगड होणाऱ्या गोंदात, बुडवून घट्ट केलं होतं, म्हणजे अगदी लाडू. कॅमेऱ्यात पोकळी होती, पण त्याचं टायटॅनियमचं घर लहान आणि जाड होतं. काच तडकली, पाणी शिरलं, घर मात्र शाबूत राहिलं.

सर्किट धुतलं, वाळवलं, तपासलं, मग बॅटरी जोडली. टक् असा आवाज आला. वजनं सोडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, चालू झाला होता.

सायलीने माझा दंडच धरला. “काकू, चाललं!”

खुराना दारात उभे होते. “आज चल रहा है। उस दिन नहीं चला होगा.”

चिडायला हवं होतं, पण मुद्दा बरोबर होता. आज पेशंट ठणठणीत आहे म्हणजे त्या दिवशी त्याला ताप नव्हता, असं सिद्ध होत नाही.

मग राहिला कॅमेरा. खारं पाणी वाळलं की मीठ मागे राहतं, आणि त्या मिठातून वीज भलत्या रस्त्याने जाते. असा ओला कॅमेरा उत्साहाने चालू करणारे लोक समुद्रापेक्षा जास्त नुकसान करतात. तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये पुन्हा पुन्हा धुतला, मंद उष्णतेवर वाळवला. आतल्या बोर्डाचे कोपरे तुटले होते. मेमरी कार्ड मात्र शहाण्या मुलासारखं जागेवर बसलं होतं. फक्त वाचता येईल आणि काही लिहिलं जाणार नाही अशा रीडरवर मी त्याची कॉपी काढली. सगळे खुर्च्या ओढून बसले.

कार्डावर समुद्राचा एक थेंबही नव्हता.

“अरे यार!” खुराना म्हणाले.

सायलीचा चेहरा पडला. “ट्रायलला रेकॉर्डिंग मोठ्या कॉम्प्युटरवर जात होतं,” ती हळूच म्हणाली. आणि तो कॉम्प्युटर चुऱ्यात गेला होता.

“मग कार्डावर हा व्हिडिओ कसला आहे?” मी विचारलं.

“तो वर्कशॉपमधला. कार्ड किती तास चालतं ते बघायला मी कॅमेरा टेबलावर ऑन ठेवला आणि एअरपोर्टला पळाले. नंतर इथल्या लोकांनी तो कार्डासकट पाणबुडीत बसवला. मला आधी पोर्टवर पोचायचं होतं. त्यात काही नाही, काकू.”

“काही नाही ते बघून ठरवू.”

बराच वेळ एक भिंत दिसली. खुराना फोन बघू लागले. मग पाणबुडी ढकलत आणली गेली. हार घातला, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. पेढे वाटले गेले. आणि मग पितळेची एक चकचकीत पाटी आली, उद्घाटनाची. कंपनीचं नाव, पाहुण्यांचं नाव, खाली खुरानांचं नाव. एकाने ड्रिल काढलं आणि सरळ पाणबुडीच्या पोटावर चार भोकं पाडून पाटी बसवली.

सायली ताडकन उठली. “हलमध्ये? हलला ड्रिल? मला वाटलं पाटी नुसती चिकटवलीय!”

हल म्हणजे पाणबुडीचं कवच. हे कवच कार्बन फायबरचं होतं. शिवणाच्या रिळावर दोरा गुंडाळतात तसे यात धागे गुंडाळून गोंदाने पक्के करतात. सगळी ताकद अखंड धाग्यात असते. रिळाला भोक पाडा, आरपार नसलं तरी किती दोरे तुटतात ते बघा. टँकमध्ये दाब देऊन हे कवच पास झालं होतं, म्हणून त्यावर कुणालाच संशय नव्हता. पण ती टेस्ट पाटीच्या आधीची होती.

तेवढ्यात व्हिडिओतून ओळखीचा मोठा आवाज आला. “थोड़ा टेढ़ा है भाई। निकालो, दोबारा लगाओ। ज़रा ऊपर.”

आणि आणखी चार भोकं पडली.

सायलीने ओठ दाबले, पण हसू नाकातून फुटलंच. खुराना स्क्रीनकडे बघत राहिले.

“फोटो में टेढ़ा आता ना,” ते शेवटी म्हणाले.

“बिल्कुल,” मी म्हटलं.

व्हिडिओ म्हणजे संशय, पुरावा नव्हे. कवच बनवताना उरलेल्या तुकड्याची दोन्ही तोंडं बंद केली, त्याला तशीच भोकं पाडली, वर तशीच पाटी लावली, आणि टँकमध्ये दाब दिला. ठरलेल्या खोलीच्या दाबाच्या बऱ्याच आधी तो तुकडा धाडकन फुटला. भेग भोकांपासूनच सुरू झाली होती. वजनं सोडायची वेळ त्या दिवशी आलीच नसणार.

क्लायंट यायच्या आधी खुराना माझ्याजवळ आले. आवाज पहिल्यांदाच लहान होता. “मॅडमजी, रिपोर्ट में वो आवाज़ वाला पार्ट…”

“भोकं लिहिणार. आवाज कुणाचा, ते लिहायची गरज नाही.”

मीटिंगमध्ये क्लायंटने विचारलं, “इतने होल किसने करवाए?” मी पाणी प्यायला ग्लास उचलला. खुराना उभे राहिले आणि म्हणाले, “मैंने। और सायली का सर्किट एकदम सही था।” क्लायंटने दुसरी पाणबुडी बनवायला सांगितलं, अर्थात अटी घालून. एक अट अशी की सायलीला विचारल्याशिवाय कवचाजवळ ड्रिल न्यायचं नाही. त्या संध्याकाळी सायलीने दोन समोसे माझ्यादेखत संपवले.

मुलांनो, यंत्राची पूजा जरूर करावी, हार घालावा, पेढे खावेत. यंत्राला त्याने काही होत नाही. पण टेस्ट पास झाल्यावर त्याला कुणी काही केलं असेल, तर टेस्ट पुन्हा करावी. मग ते करणारा मालक का असेना.