दोन कॅमेरे आणि उजवा डोळा

वडिलांची मान दुखायला लागली तेव्हा मी त्यांचा कॅमेरा बदलायचं ठरवलं. घरातल्या कुठल्याही दुखण्यावर माझा उपाय वस्तू बदलण्याचा असतो. त्यांचे गुडघे गेले तेव्हा मी कमोड बसवला, कमी ऐकू यायला लागलं तेव्हा मोठा टीव्ही आणला. आई म्हणायची, ह्याला डॉक्टर नको, दुकान दाखवा.

त्यांच्याकडे डीएसएलआर होता, सगळ्यात खालच्या पायरीचा, नवशिके घेतात तसला. फौज संपली, नंतरची बँकेतली पहारेकऱ्याची नोकरीही संपली, तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही घेतलं ते हेच. अंग प्लास्टिकचं, पकडीवरचं रबर सुटलेलं आणि त्यांनीच गोंदानं चिकटवलेलं. पण तो गळ्यात अडकवला की त्यांचा ताठा असा, की नाकावर माशी बसायची नाही.

फोटो काढायची त्यांची रीत बंदुकीची होती. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, उजवा डोळा कॅमेऱ्याच्या खिडकीला, डावा घट्ट मिटलेला. अर्धा श्वास सोडायचा, उरलेला धरायचा आणि बटण हळूच दाबायचं. त्या बटणाला ते घोडाच म्हणत. मी लहान असताना जत्रेतल्या छर्ऱ्याच्या बंदुकीला एकदा चुकून डावा डोळा लावला, तर त्यांनी माझं डोकं धरून सरळ केलं होतं. डावा डोळा त्यांच्या लेखी शिस्तभंग होता.

चौदा एप्रिलच्या जयंतीला आम्ही सगळे महूला जातो. माझे आजोबा तिथल्याच छावणीत होते, त्यामुळे ते आमचं माहेरच म्हणा. निघण्याआधी भंवरकुआं चौकामागच्या आमच्या गल्लीत, फाटकासमोर, पांढऱ्या कपड्यांत घरचा एक फोटो निघतो. कोचिंग क्लासच्या पोरांच्या गाड्या फाटकाला टेकलेल्या असतात. वडील आधी त्या हलवायला लावतात, मग आम्हाला रांगेत उभं करतात आणि हुकूम सोडतात, "गिनती कर." डावीकडून मी एक, बायको दो, मुलगी तीन. शेवटी आई. ती कधीच नंबर बोलली नाही. मी काय तुमची पलटण आहे का, असं एकदा म्हणाली, आणि पुढे दरवर्षी तोंडाला पदर लावून गप्प. मग वडील जाहीर करायचे, "आखरी नंबर गैरहाजिर," आणि घोडा दाबायचे. आमच्या प्रत्येक फोटोत सगळे हसतायत ते यामुळे.

तर मान. डीएसएलआर जड, पट्टा मानेत रुतायचा. सिमरोलच्या कॅम्पसमध्ये मी नोकरी करतो. तिथल्या एका सहकाऱ्याकडे खिशात मावेल असा, पण मोठ्या सेन्सरचा कॅमेरा होता. सेन्सर म्हणजे ज्या चकतीवर उजेड पडून चित्र उमटतं ती. साध्या छोट्या कॅमेऱ्यात ती नखाएवढी असते, याच्यात जवळजवळ वडिलांच्या कॅमेऱ्याएवढीच. लेन्स बदलता येत नाही, झूमही नाही, पण वजन निम्म्याहून कमी आणि अंधाऱ्या खोलीतसुद्धा चेहरे स्वच्छ. एकच गोष्ट त्यात नव्हती, डोळा लावायची खिडकी. मागच्या पडद्यावर बघायचं. मला ही उणीव वाटलीच नाही. सगळं जग आता हात लांब करूनच बघतं.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मी तो उसना आणला आणि सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. सोक्षमोक्ष लावायचाच होता. वडिलांनी तो हातात घेतला, सवयीनं डोळ्याशी नेला आणि भुवईवर आपटून घेतला. मी हसलो. यात खिडकी नाही, लांब धरा, पडद्यावर बघा, असं सांगितलं. त्यांनी हात लांब केला. मग कॅमेरा इकडे नेला, तिकडे नेला, जवळ आणला, पुन्हा लांब नेला. उन्हानं पडदा दिसत नसेल म्हणून मी त्यांना जिन्याच्या सावलीत उभं केलं. तिथून त्यांनी जो फोटो काढला त्यात पाण्याची टाकी होती आणि माझा अर्धा चेहरा. मी वैतागलो. जरा नीट लक्ष देऊन बघा ना, असं काहीतरी बोललो. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात ठेवला.

"हल्का है, अच्छा है," ते म्हणाले. "मला नको."

मग स्वतःच्या डीएसएलआरनं त्यांनी तोच फोटो पुन्हा काढला. तो बरा आला, फक्त उजवीकडच्या टोकाला आई खांद्यापासून कापलेली होती. तूच सरकतेस दरवेळी, असं मुलगी आजीला चिडवत होती. आईनं वडिलांच्या मानेवरचा पट्टा सरळ केला.

दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावायचे म्हणून मी खाली येऊन बसलो. मनातून मी छोट्याच्याच बाजूचा होतो. कार्ड काढायला डीएसएलआर उलटा केला, तर मागच्या पडद्यावर मधोमध तेलकट डाग. मी तो सदऱ्याच्या टोकानं पुसला. पुसताना हात थांबला. डाग नाकाचा आणि गालाचा होता. मी कॅमेरा स्वतःच्या तोंडाशी नेला. उजवा डोळा लावला की नाक पडद्याच्या डाव्या कडेला जातं. डावा लावला की नाक-गाल थेट पडद्यावर येतात.

माझे वडील डावा डोळा लावत होते.

मी जुने जयंतीचे फोटो उघडले. जुन्यात आईच्या बाजूला भरपूर जागा होती. मग ती फोटोच्या कडेला टेकली. मागच्या वर्षी तिचा एक हातच गेला होता. ती सरकत नव्हती. ती आपल्या जागी उभी होती, दरवर्षी, आणि आम्ही दरवर्षी तिलाच हसत होतो.

वडील आतल्या खोलीत बुटांना पॉलिश करत बसले होते. उजव्या डोळ्यानं किती दिसतं, असं मी विचारलं. त्यांचा ब्रश थांबला नाही.

"मोतिया आहे," ते म्हणाले. "पिकू देतोय. कच्च्यात हात नाही लावत डॉक्टर."

आमच्याकडे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मोतीबिंदू पिकावा लागतो, मगच काढायचा. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांना तेच सांगितलेलं, आणि वडील वर्षानुवर्षं गुपचूप, फौजी धीरानं तो पिकण्याची वाट बघत होते.

मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दिवे लावून, दाब मोजून बराच वेळ तपासलं. मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे, असं त्या म्हणाल्या. हा पिकत नाही, आतली नस खात जातो. उजवा डोळा संपलेला होता. डाव्यानं त्यांना नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं, आणि तेही उजवीकडून बंद होत चाललं होतं. थेंब घातले तर उरलेलं काही काळ टिकेल. गेलेलं परत येत नाही. ऑपरेशन करून आणता येईल का, असं मी विचारलं. पुन्हा विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा शांतपणे नाही सांगितलं. मला रडू आलं नाही. राग आला, त्या गल्लीचा, त्या पिकण्याचा, वडिलांच्या त्या मेल्या शिस्तीचा.

तेव्हा मला तो छोटा कॅमेरा कळला. हात लांब केला की पडदाच त्यांना सापडत नव्हता. डीएसएलआरची खिडकी मात्र डोळ्याला येऊन टेकते, बाकीचं जग आपोआप काळं करते आणि मधे उजेडाचा एक तुकडा ठेवते. तेवढाच तुकडा त्यांच्याकडे उरला होता. ती खिडकी डोळ्याला असली की त्यांच्यात आणि आमच्यात काही फरक नव्हता, आणि कुणी काही विचारतही नव्हतं.

पार्किंगमध्ये स्कूटरवर मागे बसताना त्यांनी माझा खांदा चाचपून धरला.

"आईला जयंतीनंतर सांग," ते म्हणाले. "एक फोटो होऊन जाऊ दे."

मी हो म्हणालो. घरी थेंब डोळ्यांच्या कोरडेपणाचे म्हणून खपवले. आईनं बाटली हातात घेऊन फिरवली आणि देव्हाऱ्यात ठेवावी तशी जपून बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवली. छोटा कॅमेरा मी सहकाऱ्याला परत केला. कसा वाटला, असं त्यानं विचारलं. उत्तम आहे, मी म्हणालो, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

जयंतीच्या सकाळी ऊन लवकरच चढलं. पोरांच्या गाड्या हलल्या, आम्ही पांढऱ्या कपड्यांत रांगेत उभे राहिलो. वडील रस्त्याच्या पलीकडे, कोपरं बरगड्यांना लावून. डावा डोळा खिडकीला.

"गिनती कर."

मी नेहमीपेक्षा जोरात एक म्हणालो. लेन्स किंचित माझ्याकडे वळली. दो, बायको म्हणाली, लेन्स तिच्याकडे सरकली. तीन. मला समजलं की ते आम्हाला आता कानांनी शोधतायत. त्यानंतरची जागा गप्प राहायची होती. त्यांचे ओठ गैरहाजिर म्हणायला हललेसुद्धा होते.

"चार," आई म्हणाली.

पदर तोंडावर नव्हता. आवाज मोठा आणि स्पष्ट, पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. मुलीनं दचकून आजीकडे पाहिलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि मी नाही म्हणून मान हलवली, आईला मी सांगितलेलं नव्हतं. लेन्स हळूहळू त्या आवाजाकडे वळली आणि थांबली. घोडा दाबला गेला नाही.

"कब से?" वडिलांनी कॅमेऱ्यामागूनच विचारलं.

"तुम्ही चहाचा कप चाचपडायला लागलात तेव्हापासून," आई म्हणाली. "दाबा आता. पोरीला ऊन लागतंय."

त्यांनी अर्धा श्वास सोडला आणि दाबलं. मग कॅमेरा खाली घेऊन माझ्या दिशेनं धरला, म्हणजे मी असेन असं त्यांना वाटलं त्या दिशेनं. सगळे आले का, असं त्यांनी विचारलं.

मी पडद्यावरचा डाग पुसला. फोटोत आई अगदी मधोमध होती, सरळ त्यांच्याकडे बघत, न हसता. तिच्या एका बाजूला तिचा हात धरलेला मुलीचा हात, तेवढाच. दुसऱ्या बाजूला रिकामा रस्ता आणि कुणाची तरी मोटारसायकल. मी नव्हतो, बायको नव्हती.

"आई आली," मी म्हणालो.